एका आडनावाचे महाकाव्य

कळवणला दिवाळी दोन वाटांनी येते. गावात ती नाशिककडच्या रस्त्याने येते. आकाशकंदील, फटाके आणि तयार चिवड्याचे पुडे घेऊन. पश्चिमेच्या डोंगरांतल्या पाड्यांवर ती वाघबारसेला येते. गुराखी वाघदेवापुढे नारळ फोडतात, आणि मगच सण लागला असे म्हणायचे. मी सारा जन्म या दोन वाटांच्या फाट्यावर मास्तरकी केली. त्यामुळे आमंत्रण मला दोन्हीकडचे असते, आणि देवीच्या कृपेने दोन्हीकडचे पचतेही.

गेल्या दिवाळीत आमच्या आळीतल्या पोरांनी ओट्यापुढे मातीचा किल्ला केला. बुरुज ठेंगणे, पण माची ऐसपैस. अळीव पेरून झालेले होते. मी चष्मा सावरून विचारले, "काय रे, किल्ला कोणता?"

चौथीतला एक मुलगा म्हणाला, "मुल्हेर."

"रायगड नाही, शिवनेरी नाही, मुल्हेर कसा काय?"

"आजोबा, तिथं आमचे राजे होते. बागूल राजे."

त्यावर दुसरा एक वात्रट ओरडला, "बागुलबुवा राजा!" आणि सगळी सेना खो खो हसली. राजवंशाच्या या वारसाने हातातला चिखल त्याच्या सदऱ्यावर फेकला, आणि तिथून पुढे जे युद्ध झाले त्याचे वर्णन करायला व्यासच हवेत.

संध्याकाळी पोरगा एकटाच माझ्याकडे आला. "आजोबा, खरंच होते ना राजे?" मी म्हटले, "होते." "आमचेच ना?" या दुसऱ्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. मी त्याच्या हातावर करंजी ठेवली. मास्तर लोक उत्तर येत नसले की असेच काहीतरी करतात.

योगायोग असा, की त्याच आठवड्यात माझ्याकडे एका कुळवृत्तान्ताचे हस्तलिखित अभिप्रायासाठी येऊन पडले होते. विषय बागूल घराणे. लेखक सज्जन, मेहनती, आणि आपल्या विषयाच्या प्रेमात बुडालेले. त्यांचे नाव मी घेत नाही. त्यांच्यासारखे कुळवृत्तान्त महाराष्ट्रात गावोगाव लिहिले जात आहेत, आणि दोष कुणा एकाचा नाही. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: बागूल हे कनोजचे राठोड; त्यांचा पुरावा एका संस्कृत महाकाव्यात आहे; आणि आज जे इतर जातीजमातींत बागूल आढळतात त्यांनी हे आडनाव 'मागाहून लावून घेतलेले' आहे. हे शेवटचे वाक्य वाचले आणि मला करंजी खाणारा तो मुलगा आठवला. मग मी त्या महाकाव्याची बडोद्याची जुनी आवृत्ती पुन्हा मिळवली आणि जे दिवाळीत सुरू केले ते होळीपर्यंत वाचीत बसलो. हस्तलिखितावरचा अभिप्राय लांबत गेला. शेवटी तो इतका लांबला की त्याचा हा लेख झाला.

'राष्ट्रौढवंशमहाकाव्य' हे त्या काव्याचे नाव. शके १५१८ मध्ये, म्हणजे इ. स. १५९६ साली, मयूरगिरीचा राजा नारायणशाह याच्या आश्रयाने रुद्रकवी नावाच्या दाक्षिणात्य पंडिताने ते रचले. मयूरगिरी म्हणजे आपले मुल्हेर. सर्ग २०. गायकवाड प्राच्य ग्रंथमालेचा पाचवा ग्रंथ म्हणून ते १९१७ साली बडोद्याला छापले गेले. संपादन एंबार कृष्णमाचार्यांचे, प्रस्तावना चिमणलाल दलालांची. म्हणजे जवळजवळ सव्वातीनशे वर्षे हे काव्य पोथीत निजून होते. बागलाणाच्या राजांची साखळीने सांगितलेली हकीकत हवी असेल तर याच्याकडे यावेच लागते. ते मोलाचे आहे यात मला शंका नाही. शंका आहे ती ते कशाचे मोल आहे याविषयी.

आरंभ मोठा रम्य आहे. कैलासावर शिवपार्वती द्यूत खेळत आहेत. (पाडव्याला घरात पट मांडून बसणाऱ्यांना यापेक्षा मोठा आधार नको.) फासा उडून शंकराच्या मस्तकावरच्या चंद्राला लागतो आणि त्यातून अकरा वर्षांचा मुलगा प्रकट होतो. शंकर त्याला कान्यकुब्जाचे स्वामित्व देतो. कनोजच्या नारायण राजाला पुत्र नाही. लातना नावाची देवी तो मुलगा मागून घेते आणि त्या राजाला देते. मग अदृश्य वाणी होते की हा मुलगा राज्याचा आणि कुळाचा भार वाहील, म्हणून याचे नाव राष्ट्रौढ.

इथे माझ्यातला मास्तर जागा झाला. 'राष्ट्र' आणि 'ऊढ', म्हणजे वाहिलेला, असे हे दोन तुकडे. पण आपण शाळेत शिकलेला संधी आठवून पाहा. अ आणि ऊ मिळून ओ होतो. मग 'राष्ट्रोढ' व्हायला हवे. 'प्र' आणि 'ऊढ' मिळून 'प्रौढ' होतो हे खरे, पण ती सवलत व्याकरणाने 'प्र' या उपसर्गापुरती दिलेली आहे. ती राष्ट्राला लागू नाही. रुद्रकवी हा पंडित होता. त्याला हे ठाऊक नव्हते असे कोण म्हणेल? मला तर वाटते की ठाऊक असूनही त्याचा इलाज नव्हता. शब्द आधी होता, अर्थ मागून आला. तो शब्द लोकांच्या तोंडी असलेला राठोड. त्याला संस्कृताचे पीतांबर नेसवायचे होते. कमरेत थोडे घट्ट झाले तरी नेसवले.

हे एकदा दिसले की काव्याकडे पाहण्याची नजरच बदलते. आपल्याकडे आडनावाची व्युत्पत्ती ही जवळजवळ नेहमी अशीच होते. इतिहासाचार्य राजवाड्यांबद्दल मला अपार आदर आहे. 'महिकावतीच्या बखरी'ची त्यांची १९२४ सालची प्रस्तावना मी दरवर्षी एकदा वाचतो. पण त्यांच्या हातात मराठी शब्द सापडला की त्याच्या पोटातून संस्कृत पूर्वज निघाल्यावाचून राहत नसे. एखाद्याला वाटावे, महाराष्ट्रात आधी सगळे संस्कृतात जन्मले आणि मग हळूहळू घसरत घसरत मराठीत आले.

पण रुद्रकवीला केवळ पांडित्याची हौस नव्हती. काव्याचे साल पाहा: १५९६. त्याच साली अहमदनगरचा वेढा उठला आणि चांदबिबीला वऱ्हाड मोगलांच्या हवाली करावे लागले. अकबराच्या फौजा आता दक्षिणेत नुसत्या डोकावत नव्हत्या, मुक्कामाला आल्या होत्या. पुढे १६०० साली अहमदनगर पडले, १६०१ साली असीरगड. या सगळ्याच्या मधोमध, गुजरात, खानदेश आणि दख्खन यांच्या सांध्यावर, बागलाणचे हे चिमुकले डोंगरी राज्य. अबुल फजलाने 'आईन-ए-अकबरी'त त्याची दखल घेतली आहे: सात नामांकित किल्ले, त्यांत मुल्हेर आणि साल्हेर असामान्य बळकट, आणि फळांत द्राक्षे, डाळिंबे उत्तम. (द्राक्षे आणि डाळिंबे आजही आहेत, भाव मात्र अकबराच्या काळी बरा असावा.) आणि तो लिहितो की इथला राजा राठोड आहे.

हा शब्द दरबारात पोचला होता, हे महत्त्वाचे. जोधपूरचे आणि बिकानेरचे राठोड त्या काळी अकबराच्या मोठ्या मनसबदारांत होते. राठोड असणे याचा अर्थ दिल्ली-आग्र्याकडे ओळखीचे असणे. सह्याद्रीच्या कड्यावर बसलेल्या राजाला उद्या बादशहासमोर उभे राहायचे असेल, तर 'मी अमुक डोंगराचा' म्हणण्यापेक्षा 'मी अमुक कुळाचा' म्हणणे शहाणपणाचे होते. तो दावा खोटाच होता असे मी म्हणत नाही. एवढेच म्हणतो की हे काव्य वंशाची नोंदवही म्हणून लिहिलेले नाही. ते परिचयपत्र म्हणून लिहिलेले आहे. आणि परिचयपत्रात माणूस काय लिहितो आणि काय गाळतो, हे नोकरीसाठी अर्ज केलेल्या कुणालाही सांगायला नको.

माझ्या या म्हणण्याला रुद्रकवीच पुढे साक्ष देतो. नारायणशाहानंतर प्रतापशाह आला, तेव्हा याच कवीने मोगल दरबारातल्या बड्या मंडळींवर संस्कृतात चरित्रे रचली. शाहजादा दानियालवर 'दानशाहचरित', अब्दुर्रहीम खानखानावर 'खानखानाचरित' (हे १६०९ सालचे), जहांगीरवर 'जहांगीरशाहचरित', आणि शाहजादा खुर्रमवर 'कीर्तिसमुल्लास'. खानखानावरच्या रचनेत तर स्तुतीच्या आडून प्रतापशाहासाठी साहाय्य मागितले आहे. काव्य हे त्या राज्याचे परराष्ट्र खाते होते म्हणा ना! ज्याच्याजवळ मोठी फौज नाही त्याने शार्दूलविक्रीडित पाठवले. मला यात हसण्यासारखे काही वाटत नाही. या खटपटीनंतरही तीन दशके ते राज्य उभे राहिले.

पण हेच काव्य हातात धरून कुणी आज म्हणू लागला की बघा, आम्ही कोण होतो हे यात लिहिले आहे, तर मी त्याला नम्रपणे विचारीन की यात तुमचे नाव कुठे आहे? ग्रंथाच्या माथ्यावर 'राष्ट्रौढ' आहे, 'बागूल' नाही. राजाने ज्या नावाचा गौरव मागितला ते नाव लोकांनी घेतले नाही. जे नाव माथ्यावर चढवले नाही तेच डोंगरात राहिले, टिकले आणि सव्वाचारशे वर्षांनी एका मातीच्या किल्ल्याजवळ शाळकरी पोराच्या तोंडून निघाले.

राजाच्या प्रत्यक्ष वंशाचे काय झाले, तेही पाहू. १६३८ साली औरंगजेब दख्खनचा सुभेदार असताना मोगलांनी मुल्हेरला वेढा घातला. राजा होता भेरजी. भेरजी किंवा बहारजी ही इथल्या राजांची जणू पदवीच झाली होती. किल्ला द्यावा लागला. बदल्यात सुलतानपूरचा परगणा मिळाला. पुढे त्याचा मुलगा मुसलमान झाला आणि दौलतमंदखान या नावाने मोगलांच्या मनसबदारीत गेला. म्हणजे ज्या एका घराला हे महाकाव्य उद्देशून होते, त्या घराच्या गादीच्या वारसाकडे ना राष्ट्रौढ राहिले, ना बागूल. हस्तलिखिताच्या लेखकांनी ही हकीकत एका ओळीत उरकली आहे. मला ती त्या सबंध प्रकरणातली सर्वांत बोलकी वाटते.

आणि आडनाव? ते राहिले खालीच. आज बागूल शोधायचे तर कनोजला जाण्यात अर्थ नाही. सटाण्याला जा, ज्याच्या तालुक्याचे नाव सरकारदरबारी अजून बागलाण आहे. तिथून कळवण, सुरगाणा, पेठ, दिंडोरी करा. उत्तरेला साक्री, नवापूर. पश्चिमेला घाट उतरून डांगात आहवा. नकाशावर टाचण्या टोचीत गेलात तर त्या साल्हेर-मुल्हेरच्या भोवती दाट होतात आणि लांब जावे तशा विरळ. पुण्या-मुंबईला, नाशिकच्या कारखान्यांत जे बागूल आहेत ते बहुतेक याच टापूतून पोटामागे गेलेले. जर्मनीत पंडितांनी २००५ सालच्या दूरध्वनीच्या याद्या घेऊन देशभरच्या आडनावांचा नकाशासंग्रह केला. तिथे एखादे दुर्मिळ आडनाव चारदोन खेड्यांभोवती कसे गोळा झालेले असते ते नकाशावर डोळ्यांना दिसते, आणि त्यावरून ते मुळात कुठले याचा अंदाज बांधता येतो. आपल्याकडे असे कुणी केले तर बागुलांचा डाग सह्याद्रीच्या या एका कोपऱ्यावर पडेल याबद्दल मी पैज लावतो.

पण जर्मन नकाशापेक्षा आपला नकाशा एका बाबतीत गुंतागुंतीचा आहे. हे नाव कोकणा आदिवासींत आहे, भिल्लांत आहे, मराठ्यांत आहे, अहिर शिंप्यांत आहे, बौद्धांत आहे. म्हणून आमच्याकडे कुणी नुसते "मी बागूल" म्हटले की पुढचा प्रश्न तयार असतो: "कोणते बागूल?" हा प्रश्न आमच्या तालुक्यात इतक्या सहज विचारतात की जणू 'चहा की कॉफी' विचारले. पण ज्याला विचारतात त्याच्या चेहऱ्याकडे पाहा. सगळ्यांना तो सारखा सोपा जात नाही.

आता एका रक्ताच्या राजवंशाने हे कसे स्पष्ट करायचे? हस्तलिखिताने केले आहे तसे करता येते: एक खरे, बाकीचे लावून घेतलेले. पण मग मला दुसरा एक साधा मार्ग दिसतो. बागुलांचा म्हणून देश बागुलाण झाला असेल. पण एकदा देश झाला की त्या देशातला प्रत्येकजण थोडाथोडा बागूल होतो. राजाच्या गडाला वाट दाखवणारा, गडावर पाणी चढवणारा, सुरतेच्या वाटेवर तांड्यांना सोबत करणारा, राजाचे कपडे शिवणारा, गावची वेस राखणारा, हे सगळे त्याच नावाच्या छपराखाली राहत होते. वंशकाव्यात यांची वंशावळ यायची नाही. ते त्या काव्यप्रकाराचे कामच नव्हे. पण आडनावात ती आली. आडनाव हा रक्ताचा दाखला नसून पुष्कळदा नुसता पत्ता असतो.

आणि 'लावून घेतलेले' म्हणाल, तर लावणारे कोण होते हेही सांगायला हवे. मी त्यांतला एक आहे.

१९६८ सालचा जून. मी एका पाड्यावरच्या शाळेत नवा मास्तर. पाऊस धरून आलेला, अंगावर नवा कोट, आणि हातात दाखलखारीज रजिस्टर. एक बाप मुलाला घेऊन आला. मुलाचे नाव सांगितले, आपले सांगितले. "आडनाव?" तो गप्प. त्याने आपल्या कुळाचे, देवाचे काहीतरी सांगितले. कोकणा लोकांची बोली तेव्हा मला धड कळत नव्हती. मागे रांग होती. आदल्या तासात त्याच पाड्यावरच्या तीन पोरांच्या पुढे मी बागूल लिहिले होते. मी टाक बुडवला आणि चौथ्यापुढेही बागूल लिहिले. बापाने अंगठा दिला. या सगळ्याला दोन मिनिटे लागली असतील. रुद्रकवीला निदान २० सर्ग लागले.

तो मुलगा पुढे शिकला, नोकरीला लागला, सेवानिवृत्तही झाला. काही वर्षांपूर्वी माझ्या दारात उभा. नातीला अनुसूचित जमातीच्या दाखल्याची पडताळणी करून हवी होती. पडताळणीत ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचे कागद पाहतात. आजोबांची जुनी नोंद गावदप्तरात सापडली, पण ती वेगळ्याच नावाने. बागूल कुठेही नाही. "गुरुजी," तो म्हणाला, "ते विचारतात तुमचं नाव बदललं कधी. मी काय सांगू?" मी म्हटले, "सांग, जूनमध्ये. पाऊस होता." तो हसला नाही. मी प्रतिज्ञापत्र करून दिले, जे घडले ते तसेच लिहिले. दाखला अखेर मिळाला; पण त्या पोरीचे एक वर्ष गेले. आपल्या हस्ताक्षराविषयी मला अभिमान होता. त्या दिवसापासून तो नाही.

असा मी हस्तलिखितावर बसून असताना मला राहून राहून दुसऱ्या एका बागुलाची आठवण येत होती. कुळवृत्तान्तात त्यांचे नाव नाही. बाबूराव बागूल. जन्म १९३० साली, नाशिकजवळच्या विहितगावचा. १९६३ साली त्यांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह आला, १९६९ साली 'मरण स्वस्त होत आहे'. २००८ साली ते नाशिकला वारले. मराठी कथेत या दोन पुस्तकांनी काय केले ते सांगायला मी नको. मी तरुणपणी पहिला संग्रह वाचला तेव्हा दोन दिवस वर्गात नीट शिकवू शकलो नव्हतो, एवढेच सांगतो.

शीर्षककथेतला नायक रेल्वेतल्या नोकरीसाठी सुरतेच्या बाजूला जातो. शिकलेला, नव्या राज्यघटनेच्या देशाचा अभिमानी. राहायला खोली हवी. खोली हवी तर जात सांगायला हवी. तो ती झाकतो. काही दिवस मान, प्रेम, कवी म्हणून कौतुक, सगळे मिळते. आणि खरे कळते तेव्हा त्याच माणसांच्या हातचा मार मिळतो. सोडवायला येतो तो काशीनाथ, आपली जात न लपवता छाती काढून हिंडणारा. बाबूराव स्वतः काही काळ सुरतेकडे रेल्वेच्या नोकरीत होते, आणि खोलीसाठी जात झाकावी लागण्याचा प्रकार त्यांनी स्वतः भोगला होता.

कथेच्या कारागिरीवर आक्षेप घेता येतात, आणि त्या काळी घेतलेही गेले. भाषा अनेकदा उंच स्वरात चढते. पात्रे बोलता बोलता व्यासपीठावर उभी राहतात. मला ते खटकते हे मी लपवीत नाही. पण शीर्षकातला 'चोरली' हा शब्द पाहा. लपवली नाही, झाकली नाही; चोरली. जी वस्तू जन्माने तुमच्या गळ्यात बांधली आहे, ती न दाखवणे ही चोरी ठरते, आणि चोर म्हणून मार खायचा. सबंध समाजाचा कायदा बाबूरावांनी त्या एका क्रियापदात पकडला आहे. रुद्रकवीच्या २० सर्गांत इतका अचूक शब्द मला सापडला नाही.

आणि आता ही दोन पुस्तके शेजारी ठेवून पाहा. दोघांचाही मुलूख एकच, आजचा नाशिक जिल्हा. दोन्हींच्या मागे सुरतेची वाट आहे: एका राज्याचे महत्त्व त्या वाटेवर होते, आणि एक नायक त्याच दिशेला पोट भरायला गेला. दोन्हींत प्रश्न तोच: दारात उभ्या राहिलेल्या माणसाला विचारलेले "तू कोण?" राजाने उत्तर विकत घेतले, त्याला पंडित परवडत होता. खोली शोधणाऱ्याला परवडत नव्हता, त्याने मौन घेतले. राजाने कनोज आपल्या नावाला जोडले त्याला आपण महाकाव्य म्हटले. दुसऱ्याने एक शब्द आपल्या नावापासून तोडून ठेवला त्याला चोरी म्हटले. हस्तलिखिताच्या लेखकांना मी हेच लिहिले, की आपल्या ग्रंथात एका बागुलाने घेतलेल्या नावाचा गौरव आहे आणि बाकीच्यांवर नाव घेतल्याचा आरोप आहे. हा न्याय कोणत्या दप्तरातला? शिवाय, ज्या बागुलामुळे हे आडनाव मराठी वाचणाऱ्या प्रत्येक घरात पोचले, त्याला वगळून बागुलांचा वृत्तान्त कसा पुरा होईल?

त्यांचे उत्तर आले. अक्षर सुरेख, भाषा सौम्य. बाबूरावांविषयी त्यांना आदर आहे, परंतु 'ते बागूल वेगळे' असे त्यांनी कळवले. ग्रंथ आता छापखान्यात आहे. त्यात अभिप्रायाचे एक पान कोरे राहील असे ऐकतो.

राहता राहिला बागुलबुवा. जुने कोश उघडा, 'बागूल' या शब्दापुढे मुलांना भीती घालण्याचा कल्पित प्राणी हाच अर्थ दिसेल. काहींनी असेही जुळवले आहे की बागूल राजांची दहशत एवढी, की आया त्यांच्या नावाने पोरांना निजवू लागल्या. कल्पना गमतीची आहे. पण मग रत्नागिरीच्या आईलाही बागलाणच्या राजाची भीती का वाटावी? मला ते पटत नाही. दोन वेगळे शब्द कानाला सारखे लागले आणि पोरांची सोय झाली, इतकेच. नावाच्या बाबतीत कान फार फसवतो. रुद्रकवीला राठोडात राष्ट्र ऐकू आले, आमच्या आळीतल्या वात्रटाला बागुलात बुवा.

मुल्हेरला कोजागिरीला उद्धव महाराजांच्या मठात रासक्रीडेचा उत्सव असतो. तिथे जाण्याचे मी त्या मुलाला कबूल केले होते, आणि त्याच्या वडिलांनी एसटीचे तिकीट काढून आम्हा दोघांना पाठवलेही. सकाळी किल्ल्याच्या पायथ्याशी उभे राहून त्याने वर पाहिले. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आजोबा, एवढा मोठा किल्ला एकट्या राजाला कशाला?" मी म्हटले, "एकट्याला नव्हता रे. वर पाणी नेणारे होते, लाकडे नेणारे होते, पहारेकरी होते."

"ते पण बागूल?"

"काही असतील."

"कोणते बागूल?"

चौथीतून पाचवीत गेलेल्या पोराला हा प्रश्न आता येऊ लागला होता. तो स्वतः कोणते बागूल हे मी इथे लिहिलेले नाही, आणि लिहिणार नाही. मी त्याला म्हटले की ते मला सांगता येत नाही, पण एक सांगता येते: ते वरून रोज संध्याकाळी खाली उतरत असणार, कारण त्यांची घरे खाली होती. त्याने मागे वळून गावाकडे पाहिले.

येत्या वसुबारसेला किल्ला पुन्हा मुल्हेरचाच होणार आहे. माती कुठून आणायची ते ठरले आहे. या वेळी पायथ्याशी घरे करायची आहेत, म्हणून त्याने माझ्याकडे रिकाम्या काड्यापेट्या मागून ठेवल्या आहेत. बारा जमल्या. गेल्या वर्षी ज्याचा सदरा चिखलाने भरला होता, तो आणखी आणून देणार आहे.